कलमाचा चाकू

बाबांची रेसोल्झा जानेवारीत विहिरीत पडली,
रहाटाचा दोर कापताना, माझ्याच हातून.
दोन दिवस पाणी उपसलं. नाही मिळाली.
मिळून तरी काय, पातं झिजत झिजत
ऑलिव्हच्या पानाएवढं उरलं होतं.

झाडांत रस चढायला आता तीन आठवडे.
खाली चौदा रानटी नासपती खोळंबल्यात,
देलोगुच्या कुंपणावरचे ऑलिव्ह वेगळेच.
कलमं बांधणाऱ्या बाईला चाकूशिवाय
कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

म्हणून सकाळच्या बसने डोंगर चढून
बाकिस लोहाराकडे आले.
सार्डिनियाच्या अख्ख्या उत्तरेत म्हणे
याच्यासारखं पोलादाला पाणी कुणी पाजत नाही.
असं तोच म्हणतो.

त्याने चामड्यावर दोन चाकू ठेवले.
मुठी दोन्हींच्या मेंढ्याच्या शिंगाच्या,
उघडतानाचा आवाजही एकच, टक्.
एक पातं साधं, कार्बन पोलादाचं,
कोरं, जरासं बावळट,
शाळेच्या पहिल्या दिवशी भांग पाडून बसवलेल्या पोरासारखं.
दुसरं दमास्कस.
त्याच्यावरून पाणी वाहत होतं
आणि बोट लावलं तर कोरडं.

"सहा घड्या, एकशे ब्याण्णव पदर," बाकिस म्हणाला.
"दोन जातींचं पोलाद. एक काळं पडणारं,
एक हट्टानं पांढरं राहणारं.
तीन दिवस गेले, आणि हातोड्याचा एक दांडा."
किंमत ऐकून मी मनातल्या मनात
तीन बकऱ्या बाजाराला नेल्या.

"जास्त चांगलं कापतं?"
तो खोकला. एप्रनला हात पुसले.
"कापतं," म्हणाला. आणि मग, भिंतीकडे बघत,
"तेवढंच कापतं."

पिशवीतून नासपतीची डहाळी काढली,
दोन्हींनी तिरके काप घेतले,
उजेडात धरले, जिभेला लावून पाहिले.
बाबा तसंच करायचे. जिभेला खरखर कळते.
दोन्हीकडे नव्हती.

"बघ अन्तिओगा, तूही हेच करतेस," तो म्हणाला.
"रानटी खोडावर गोड फांदी.
मी आगीत जोडतो, तू सालीखाली."
हे त्याने आधी दहा गिऱ्हाइकांना ऐकवलं असणार,
तरी मला लागलं.
मी म्हटलं, "माझा सांधा तीन वर्षांनी
झाडालाही आठवत नाही.
दिसला, तर माझा हात चुकला.
तू सांध्याचेच पैसे घेतोस."

तो हसला, पण अर्धाच.
"माझी ही सगळी पाती काचेच्या कपाटात जातात.
मिलानला, कुठे कुठे.
एकानेही आजवर चीज कापलेलं नाही.
एक तरी खिशात जाऊ दे. साध्याच्या भावात घे."

बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला.
माझा अंगठा त्या पाण्यावर होता,
काढवत नव्हता.
"तुझ्या खिशात कोणता आहे?" मी विचारलं.

बराच वेळ तो भात्याकडेच बघत राहिला.
मग काढला. साधा. जळक्या तव्यासारखा काळा,
टोक मोडलेलं, मूठ तारेनं आवळलेली,
कांद्याचा वास.

साध्याचे पैसे मोजले.
त्याने बिजागरीत तेलाचा थेंब सोडला,
"ओला मिटू नकोस," म्हणाला,
जणू मी काल जन्मले.

चौदांपैकी अकरा कलमं जगली.
तीन गेली, त्यात दोष चाकूचा नाही.
पात्यावर आता चिकाची निळी सावली आहे,
आणि गंजाचा एक ठिपका,
देलोगुच्या भिंतीवर रात्रभर विसरले त्याचा.
राखेनं घासला. जात नाही.

खोटं कशाला बोलू,
कधी संध्याकाळी पाव कापताना
पातं दिव्याकडे तिरकं करून बघते,
कुठे काही वाहतंय का.
मग पुसून, मिटून, खिशात टाकते.
पाव चांगला कापला जातो.