टिंब

नागभीडच्या स्टँडसमोर माझी झेरॉक्सची टपरी.
सातबारे, आधार, जातीचे दाखले,
दहावीच्या पोरांची गाइडं, चोरून.
त्या दिवशी चिंधूजी निकुरे आले.
आधी हात धोतराला पुसले,
मग पिशवीतून पुस्तिका काढली.

चोवीस पानं. पाठीला सुतळीचा टाका.
वर कारखान्याचं अर्धंच नाव उरलेलं,
आत भरमार बंदुकीचं सगळं,
दारू, छर्रा, नळी, गज,
ओळीओळीनं, किराण्याच्या यादीसारखं.
"डुकरं लई येतेत बाप्पा धानात," म्हणाले.
"लायसन हाय. बंदूक हाय.
भरणारा दसरूच नाई उरला."

सोबत नातू, निहाल.
"आबाजी, कायले छापता? हे पाहा, सगळं हाय मोबाइलमंदी."
त्यात एक माणूस. काळा चष्मा, मागे बर्फाचा डोंगर.
हसत हसत मापं सांगत होता.
दुसरा वेगळंच सांगत होता.
तिसरा त्या दोघांवर हसत होता
आणि त्याच्या खाली चाळीस हजार अंगठे, सगळे वर.

चिंधूजींनी फोन डोळ्यांजवळ नेला.
"याचे बोटं दाखव बरं."
माणसाचे हात चौकटीबाहेर होते.

मी पुस्तिका काचेवर पालथी घालू लागलो.
पान अकरा.
समासात निळ्या पेन्सिलीची अक्षरं, तिरकी, ओळ सोडून घसरलेली:
हे जास्त होते. करू नये. दसरू निकुरे. तान्हा पोळा.
मी काही विचारलं नाही.
चिंधूजींनीच उजवा अंगठा मुठीत दुमडला
आणि उरलेला पंजा माझ्यासमोर धरला.
"डाव्या हातानं लिवलं त्यानं. तीन दिवस लागले."

शेवटच्या पानाला एक चिठ्ठी डकवलेली. शुद्धिपत्र.
पान अकरा, ओळ सहा, अमुकऐवजी तमुक वाचावे.
चुकीबद्दल क्षमस्व.
ही चिठ्ठी दसरूच्या आधी आली की नंतर
ते चिंधूजींना आठवेना.
डिंक पिवळा पडला होता, एवढंच दिसत होतं.
वीस वर्षं मी लोकांचे कागद छापतो,
चुकलो म्हणणारा कागद
हाच पहिला हातात आला.

प्रत निघाली, गरम.
ओळ सहा. आकड्याच्या मधोमध एक टिंब.
मुळात ते नव्हतं.
पुस्तिका उचलली, काचेत वाकून पाहिलं.
माशीचं होतं की शाईचं, कळेना, पण होतं तिथंच.
किती महिने झाले असतील,
किती सातबाऱ्यांवर, किती दाखल्यांवर ते बसलं असेल,
तहसीलदाराच्या सहीशेजारी, नवरीच्या जन्मतारखेत,
आणि कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं.

काच पुसली. स्पिरिटनं, मग बनियनच्या चिंधीनं.
पुन्हा छापलं.
"आता वाच," मी निहालला म्हणालो.
तो मूळ वाचू लागला, मी प्रतीवर बोट ठेवत गेलो.
फोन काउंटरवर उताणा पडला होता,
त्यातला माणूस एकटाच बोलत होता.
एका जागी पोरगा अडखळला.
कसरीनं भोक पाडलं होतं आकड्यात.
तीन की आठ?
तो माझ्याकडे पाहत राहिला, मी चिंधूजींकडे.
"नाई दिसत तं नाई दिसत," ते म्हणाले.
"तेथं कोरं राहू दे. अंदाज नको लिवू."

चौकोन कोराच ठेवला.
पुस्तिका पुन्हा पिशवीत गेली.
"किती झाले?"
"अठ्ठेचाळीस."
"खराब निंगाली तिचे बी घे."
पैसे घेतले. ती प्रत मात्र दिली नाही.

सहाच्या बसनं गेले दोघं, मिंडाळ्याकडं.
रात्री टपरी बंद करताना त्या बाजूनं
डबा वाजत होता धानात, थांबून थांबून,
आणि पोराचा आवाज, हाऽ हाऽ करणारा.
बार काही ऐकू आला नाही.
टिंबवाल्या कागदाचे मी आठ तुकडे केले होते.
कुलूप लावायच्या आधी मोजून पाहिले,
आठच होते.