भिंतीकडची बाजू

दोन वर्षं मी गाडी लावली
डावी बाजू भिंतीकडे करून.
फैजपूरची गल्ली अरुंद, कुणाला वेगळं वाटलं नाही.
विचारणाऱ्यांना सांगितलं, ट्रॅक्टरवाल्यानं घासली.
ट्रॅक्टर नव्हताच.
कोल्ड स्टोरेजच्या फाटकाचा खांब होता
आणि रिव्हर्स मीच टाकलेला.

भिंतीकडे ऊन नाही, वारा नाही,
शेजारच्या मोरीचे शिंतोडे तेवढे.
रंगाखाली फुगा आला तांदळाएवढा,
मग तुरीएवढा,
मग मी बघणं सोडलं.

या मे महिन्यात, पेपर तपासून झाल्यावर,
गाडी उलटी लावली.
पहाटे पाच. नंतर त्याच पत्र्यावर भाकरी भाजली असती.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फुगा फोडला.
आत चहाच्या चोथ्यासारखा गंज.
खरवडत गेले तसं भोक वाढत गेलं,
रुपयाएवढं, वाटीएवढं.
दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छिद्रं असतात
हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.
चारही बुजलेली.
आत चिखल, केळीच्या पानाची वाळकी चिंधी,
आणि माझीच एक हेअरपिन, तीही गंजलेली.

गिरजाबाई भारंबे दुधाची पिशवी घेऊन थांबल्या.
"काय करू राह्यली वो माय?
सुभानकडे दे टाकून."
सुभान तडवी तासाभरानं सायकलवरून आलाच.
भोकात बोट घालून पाहिलं,
तीन हजार सातशे म्हणाला.
मग माझ्या हातातला ऐंशी नंबरचा कागद काढून घेतला
आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळून परत दिला.
"बोटानं घासाल तर बोटाचे खड्डे पडतील, मॅडम."
याचे पैसे घेतले नाहीत. कट चहा घेतला.

भोकामागे खिडकीच्या मच्छरजाळीचा उरलेला तुकडा.
पुट्टीच्या डब्यावर लिहिलंय, पाच मिनिटांत लावा.
ते थंड गावात बसून लिहिलं असणार.
इथे सहालाच भिंत कोमट,
वाटाण्याएवढी लाल पेस्ट पडली
की कालवता कालवता उलथण्यावर दगड.
तीनदा.
चौथ्यांदा फरशीचा तुकडा फ्रीजमध्ये गार करून त्यावर कालवली.
हाताला बिबड्यांची घाई ठाऊक होती:
तो घाटा निवायच्या आत थापायचा,
हिला तापायच्या आत.

डोळ्यांना सपाट दिसतं ते तळव्याला पटत नाही.
हातात सुती मोजा घातला, डोळे मिटले.
खांब अजून तिथेच होता.
पुन्हा पुट्टी, पुन्हा पाणी, पुन्हा कागद,
ओट्यावरून गढूळ ओघळ,
शेजारच्या मांजरीचे त्यात पाय.
तिसऱ्या दिवशी हात कुठेच अडला नाही
आणि मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रेडऑक्साइड. मग पांढरा.
कोड तोच, कंपनी तीच,
पण या पांढऱ्यानं चौदा उन्हाळे पाहिलेले नाहीत.
बाकीची गाडी ताकाची, हा तुकडा दुधाचा.
आणि कडेला लावलेला पेपर
मला धीर नव्हता म्हणून ओल्या रंगावर टेकला.
सोलून काढला तर दारावर
रावेरचा केळीचा भाव, उलटा छापलेला.

पुसला नाही. पुसला असता तर
सगळं पुन्हा घासावं लागलं असतं,
आणि आता साडेआठ वाजले होते.

संध्याकाळी गाडी लावली, डावी बाजू गल्लीकडे.
गिरजाबाई मान वाकडी करून
एकेक आकडा जुळवत बसल्या.
"हा तं मंगळवारचा भाव. आता पडला."
मग पदरानं तोंड पुसत,
"ट्रॅक्टरवाल्यानं काही देल्हं का?"
मी म्हटलं, ट्रॅक्टर नव्हता. खांब होता.
कोल्ड स्टोरेजचा.

गिरजाबाईंनी दारावरून हात फिरवला,
मोज्याशिवाय, सावकाश, वरून खाली.
"माह्या पोऱ्यानंबी त्याच खांबाले ठोकली.
घरी म्हने, बैल आडवा आला."