नाव न घेता

येरवड्याच्या टेकडीवर, दगडी इमारतीत,
रात्री साडेअकराला मी टेप मागेपुढे करते.
गाव्रिला खोकतो. मग कसलासा चर्र आवाज.
मी कंसात लिहिते : अस्पष्ट.

काल झोपेत तिच्याकडे गेलो होतो, तो सांगतो,
नदीच्या मालकिणीकडे.
तिनं माशाचं कालवण वाढलं, निजायला जागा दिली.
सकाळी मोठा तो आपणहून समोर आला.

मोठा तो. एल्क म्हणायचं नाही,
त्याचे कान लांबवर पोचतात.
दुभाषा विचारतो, दिसते कशी ती मालकीण?
गाव्रिला वैतागतो :
बुटात कोंबलेलं गवत दिसतं कसं?
बोचेपर्यंत बघतं का कोणी?

दारात अस्मान्या काळे, रात्रपाळीचा.
कधीपासून उभा, कोण जाणे.
"म्हातारा कुठला?"
लांबचा. बर्फातला.
"शिकारी हाय. वारं आडवं असल्यावानी बोलतोय."

मी मराठीत सांगत जाते.
तो ऐकतो, अंधारात भरत आलेली बादली ऐकावी तसा.
"आमचा आजा फासे लावायच्या आदल्या रातीला
आजीशीबी बोलायचा न्हाई.
तितराला पाहुणी म्हणायचा.
सपनात पीठ सांडलं, तर निघायचा."

आणि तुम्हाला पडतात स्वप्नं?

"मला कशी पडतील, मॅडम?
जागायचाच पगार हाय.
दिवसा पडावं, तर टेम्पो, पोरं, शेजारची गिरण.
सावली दारापस्तोर जाती, माघारी येती.
एकदाच गेली लांब. विमाननगरच्या माळावर.
आजा न्यायचा तिथं.
एक बाई बसलेली, पाठमोरी.
म्हणली, उशीर केलास रं,
आता हितं पार्किंग हाय."

तो हसला. मला हसता आलं नाही.

खाली फाटकाशी त्याची शेकोटी.
जानेवारीची थंडी, विमान उतरतंय,
त्याचे दिवे पिंपळावरून सरकत गेले.
थर्मासचं झाकण भरून त्यानं आधी
थोडा चहा निखाऱ्यांवर ओतला.
चर्र.

हे काय?
"कुठं काय," म्हणाला, आणि कप माझ्यापुढे केला.

वर येऊन मी कंसातला शब्द खोडलाय.
त्याच्या जागी काय लिहावं सुचत नाही.
टेप संपल्यावरही फिरत राहिली आहे.

जाताना अस्मान्या म्हणाला,
"उद्या सुट्टी हाय माझी. रातचं झोपून बघतो."
कशासाठी, ते मी विचारलं नाही.