फुलोरा

भोक आधी पाडायचं,
कढईत सोडायच्या आधी.
सुईनं नाही, तुराटीच्या काडीनं.
"आन मोठं पाड वं पोरी,
तेलात गेलं का सारं फुगते,
जागा सोडा लागते."

मी नऊ वर्षांची. माझ्याकडे फक्त भोकं.
बाकी सारं दुर्पता मोठीमायकडे:
तीन पेडांची वेणी,
फणी, जिचे दात ती सुरीच्या टोकानं मोजून कापायची,
झाकणासकट करंडा,
कर्णफुलं, लेकरांसाठी पाळणा,
आणि गोल आरसा, काठाला नखांची नक्षी.
साखर विरघळलेल्या दुधात भिजवलेला मैदा,
त्यातून दोन बायकांचं
अख्खं कपाट निघायचं.

"तीन दिवसांसाठी येतात वं दोघी बहिणी,
रिकाम्या हातानं.
घाईत निघालं का
फणीबी राहून जाते घरी."
असं म्हणून ती पुढची पारी लाटायला घ्यायची.
तिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलेलं,
हे मला फार नंतर कळलं.

बांबूची चौकट, तिला हळदीचं सूत.
खाली कोठ्यांवर पितळी मुखवटे,
नव्या लुगड्यांच्या घड्या अजून न मोडलेल्या,
आणि त्यांच्या डोक्यांवर
वाऱ्यानं हलणारं ते गोड सामान.
त्याखाली आम्ही पोरं, माना वर.
तिसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.
मुंग्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.
हळद ओलांडून, सुतावरून,
त्या एका ओळीत उतरत होत्या.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली.
सोळा भाज्या, पुरण, आंबील,
वाढणाऱ्यांची धांदल,
आणि आरसा पडला.
धाकटीच्या पायाशी.
आवाज पापडाएवढा,
पण सगळ्यांचे घास हातातच राहिले.
कोणीतरी म्हणालं, आरसा फुटला.
शेवंतामामीनं पदर तोंडाला लावला.
कोणी म्हणालं, यंदा काय पाहा लागते का माहीत.

मला माहीत होतं.
भोक मी पार काठाला पाडलं होतं,
बाहेर लगोरी रचून झाली होती म्हणून.
हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

मोठीमायनं आंबिलीचं गंज खाली ठेवलं.
तुकडे पदरात वेचले. पाच होते.
मुखवट्याकडं पाहिलं, जसं
जावेकडं पाहतात,
आणि म्हणाली,
"पायलं न तिनं तोंड. झालं.
आता तिले आरसा काहाले?"
कोणीतरी हसलं. मग सगळे हसले.
पुन्हा आंबील फिरायला लागली.

पहिला तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला.
मलाच का, ते बोलली नाही.
तूप, वेलची, काठाला जरासा करपलेला.
मी आधी त्यात बघितलं,
माझं तोंड दिसतं का,
मग खाल्ला.

आता दारव्ह्याच्या गृहउद्योगातून येतो फुलोरा.
खोक्यात चोवीस नग,
साच्यातली वेणी, पेड नुसते ओरखडलेले,
भोकं एकसारखी, सुबक.
खरं सांगते, चवीला बराच आहे.
मोठीमायचा हात साखरेला आखडता होता.

एक आरसा तेवढा मी घरी तळते.
तुराटीची काडी आणायला
गोठ्याच्या मागं जावं लागतं.
सून म्हणते, टूथपिक आहे की आई.
असू दे.

भोक मोठं पाडते,
तरी तेलात थोडं बुजतंच.
आणि पाडते काठाला.
अगदी काठाला.
मग पंगत बसली
की माझं लक्ष पानात नसतं.