छाट

सिव्हिलच्या ओपीडीत सकाळी नऊला
बाकावर अकरा बायका आणि मी.
मी पेशंट नाही. फाईल धरायला आलोय.

नागमणी माझ्याहून वीस मिनिटांनी मोठी.
साखर पेठेत, एकाच खोलीत, एकाच सुईणीच्या हातावर.
पुढं सगळं निम्मं निम्मं:
कडक भाकरी, गोवर, नानाचा पट्टा,
गिरणीला कुलूप लागलं त्या वर्षीची भूक.
मग मी लूमवर गेलो, ती विडीला बसली.

रोज हजार.
मांडीवर सूप, ओली पानं, नखात दोरा,
आत खोकणारी सासू,
आणि पुण्याला कामाला जातो म्हणून गेलेला नवरा.
मोडलं तर माझंही होतं.
माझ्या अंगाला काही झालं नाही.

मार्चात तिच्या गालांवर लाली चढली,
नाकावरून पूल टाकून या गालावरून त्या गालावर.
हविनाळे मॅडम म्हणाल्या, फुलपाखरासारखी दिसते ना, ल्युपस असेल.
आमच्या घरात फुलपाखराला म्हणतात सीताकोकचिलुका.
मणी हसली.
"एवढं गोड नाव. आणि उन्हात जायचं नाही म्हणे.
सोलापुरात."

मॅडमनी चिठ्ठीच्या पाठीवर मूत्रपिंड काढलं,
त्यावर एक तिरकी टोपी.
संकट आलं की या टोपीतून एक रस सुटतो, कॉर्टिसोल.
पळायला बळ देतो,
आणि आतल्या पहारेकऱ्यांना म्हणतो, बास, आता दमानं घ्या.
बाईचे पहारेकरी जात्याच तिखट,
पुरुषाचे जरा सुस्त.
पण हाच रस वर्षानुवर्षं ओरडत राहिला
तर त्याचं ऐकेनासे होतात.

मणी बराच वेळ त्या टोपीकडं बघत होती.
"आमच्या ब्रँचला एक चेकर होता, मॅडम.
हजारात पन्नास विड्या छाट काढायचा.
मालक रोज वरून ओरडायचा, पुरे की रे, पुरे.
एक दिवस त्यानं ऐकलंच नाही.
अख्खं सूप छाटलं. चांगल्या विड्या होत्या,
माझ्या हातच्या.
तसंच झालंय का?
आतल्यानं मलाच छाटलंय?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.
"जवळपास."

मग मी का नाही? मी विचारलं,
विचारताना लाज वाटली.
थोडं हार्मोन, म्हणाल्या, थोडं रक्तातलं,
आणि बरंचसं अजून कुणालाच कळलेलं नाही.
बाकावरच्या अकराजणी माझ्याकडं बघत होत्या,
की मलाच तसं वाटलं.

आता तोच रस गोळीतून.
अंगात फुकट झरायचा,
आता मेडिकलमध्ये पट्टीवर मिळतो, जेवणानंतर, चुकवायचा नाही.
तिचं तोंड गोल झालंय, भरल्यासारखं.
शेजारीण म्हणते, भावाकडं सुख लागलं गं तुला.
ती हो म्हणते.

रात्रपाळी नसली की सूप मी घेतो.
माझी बोटं साच्याला सवकलेली,
पान फाटतं, तंबाखू सांडतो.
बारापर्यंत जेमतेम दोनशे,
त्यातल्या निम्म्या उद्या बाहेर पडणार.

खिडकीला चादर लावलीय, डबल,
आमच्याच कारखान्यातली, मोराची.
तिच्याआड पडून मणी नुसत्या आवाजावरून सांगते:

दोरा गच्च बांध.
पण गळा आवळू नको रे तिचा.