दुसऱ्या काठीचं रीळ

स्टेनग्रिम आला तेव्हा दाराची कडी बोटांना चिकटत होती.
उणे एकतीस.
गिमलीच्या धक्क्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.
त्यानं हातमोजे काढून काउंटरवर ठेवले, शेजारी शेजारी,
म्हणाला, ओड्नी, रीळ दे. दुसऱ्या काठीला.

पहिली काठी हातात असते. तिला काहीही चालतं,
मनगट सांभाळून घेतं सगळं.
दुसरी एकटीच
पलीकडच्या भोकावर वाकून बसलेली,
मालक कॉफी ओततोय, मालक घोरतोय.
तिच्या रिळाला स्वतःची अक्कल लागते:
माशानं तोंड लावलं की कुरकुर न करता ढील द्यायची,
आणि ढील देताना गाव गोळा करायचं.

आठ रिळं रात्रीच गारठायला ठेवली होती मी
आइस्क्रीमच्या फ्रीझरात, व्हॅनिला आणि पिस्त्याच्या मधे.
तो हसला. बाहेर बघ, म्हणाला,
तुझा फ्रीझर तेरा अंशांनी उबदार आहे.
मग मागच्या पायरीवर मांडली, उघड्यावर,
आणि तासभर आम्ही आत स्टोव्हपाशी
कुणाची खोपी यंदा कुठे, एवढंच बोललो.
म्हणजे मी बोलले. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

तासानंतर तीन रिळं दगड.
डोळ्यांत तेल घालून राखण करावी म्हणतात,
इथे तेलच गोठतं.
एकाची प्लॅस्टिकची मूठ माझ्या हातात आली.
एक छान सुटत होतं, पण मुकं.
एक मात्र रातकिड्यासारखं किरकिरायचं,
तेच मी सगळ्यांच्या गळ्यात मारते. तेच त्याच्या कानाशी धरलं,
सवयीनं,
आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावाच्या बोटीवर तीस वर्षं, डिझेल इंजिनाला पाठ लावून.
दोन्ही कान तिथेच, तळ्यात.

त्यानं काही मनावर घेतलं नाही.
रीळ काढून घेतलं, जबड्याच्या हाडाला टेकवलं,
दोरा ओढला. डोळे मिटून.
नाही.
पुढचं. नाही.
असं करत करत वरच्या फळीवरच्या त्या एकाशी आला,
जे मी मोजलंच नव्हतं,
माझ्या बापाच्या वेळचं, पितळी, लाकडी मुठीचं,
लेबल पिवळं पडलेलं, चौदा डॉलर.
त्याची मूठ त्यानं चक्क दातांत धरली
आणि दोरा ओढला, हळू, मग जोरात,
आणि मिशीखाली काहीतरी हललं.

हेच.

आतलं जुनं वंगण मी पेट्रोलनं धुतलं,
दात्यांत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली.
ताण किती ठेवू? बोटांनी विचारलं.
त्यानं माझ्या चष्म्यावर फुंकर मारली.
एवढा.

रविवारी आमिषाची बादली घेऊन मी त्याच्या खोपीवर गेले.
दार लोटलं. तो बाकावर आडवा, टोपी नाकापर्यंत.
दुसरी काठी स्क्रूनं त्याच बाकाला जखडलेली,
त्याच्या डोक्याशी,
आणि बाकाच्या फळीवर त्याचा गाल, उघडा.

मी बादली ठेवत होते तेवढ्यात रीळ फिरलं.
कटकट. थांबलं.
कटकटकट.
मी हाक मारायला तोंड उघडलं, कुणाला मारणार.
पुढे होऊन हलवावं, तर
टोपीखालून एक बोट वर आलं.
थांब.

दोरा जात होता भोकात, काळ्या पाण्यात,
सहा हात, दहा हात,
घाई नाही,
खाऊ दे त्याला, बोट म्हणत होतं, गिळू दे नीट,
आणि मला माझ्याच दातांच्या मुळांशी
उगाचच काहीतरी वाजल्यासारखं झालं.

बर्बट निघाला. कुरूप, गुळगुळीत, हातभर.
स्टेनग्रिमनं त्याला माझ्या बादलीत टाकला, माझ्या आमिषावर,
आणि पावती मागितली.
चौदा डॉलरची.