चोवीस डिसेंबरची हजेरी

वहीत आठ नावं. आठही आली.
नाकं वाहतायत, तरी आली.
जिनिंगच्या रस्त्यानं रात्रभर कापसाच्या गाड्या गेलेल्या,
माझ्या तारेच्या कुंपणाला
फुकटचा बर्फ लटकला होता.
"वेचून आणा रे," म्हणाले,
तर आठही जणं कानटोप्या सावरत
कुंपण वेचायला लागली,
जशी काही रोजंदारीवर.

झाड म्हणजे बाभळीची फांदी,
ऑइलपेंटच्या डब्यात, वर मुरूम.
काटे, म्हणून भिंतीशी ठेवली.
पण काटे आहेत म्हणूनच तर
दोरा लागत नाही:
बोरं टोचा, शेंगांची टरफलं टोचा,
मोसंबीच्या सालीचे चांद टोचा.
अलिझानं बोटही टोचून घेतलं
आणि रडायच्या आधी विचारलं,
"मावशी, ह्याचं पण स्टिकर मिळंल का?"

चांदण्या बियाण्याच्या पाकिटांच्या.
समृद्धीचा बाप कंपनीत पॅकिंगला,
छपाई चुकलेली पाकिटं आणून देतो.
आतून चांदी,
बाहेरून "पेरणीची खोली पाच सेंटिमीटर".
आर्वी म्हणे चांदीची बाजू पुढं,
आरोही म्हणे अक्षरांची.
दोघींनाही अजून वाचता येत नाही.

जोंधळ्याची धांडं मी बदनापूरहून आणलेली.
सोलून भेंडाची मेंढरं केली, उंटं केली.
पाय किती, ह्यावर एकमत झालं नाही.
एक उंट पाच पायांचा निघाला.
राहू दिला.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
नाताळात औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत
रंगाचं पाणी भरून खिडकीत मांडायचे,
सकाळचं ऊन पलंगांवर लाल-निळं पडायचं.
मुलांना ते दाखवायचं म्हणून
खायचा रंग कालवून ठेवला,
बाटल्या धुऊन येईपर्यंत
तेजूनं निळा पिऊन टाकला होता.

मग भेटी. भेटी म्हणजे रिकाम्या काड्यापेट्या.
आईसाठी आत काहीतरी ठेवायचं,
वर कागद, दोरा,
आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही.
मी न बघितल्यासारखं करून बघितलं:
बटण. दोन बोरं. पडलेला दात.
एक जिवंत मुंगी, ती मी सोडवली.
ओमराजनं पाठ फिरवून भरली.
खडखड वाजायची.

सहापासून आया येत गेल्या.
ओमराज शेवटचा. रोजचाच.
त्याची आई रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर,
शेवटच्या ट्रकची पावती फाडली की सुटते.
वहीत लिहिलं: ओमराज घनवट, ८.२०.
तिनं पेटी कानाशी हलवली.
"काय रे आत?"
"घरी गेल्यावर."

मला चर्चला निघायचं होतं.
कुलूप हातात, किल्ली नाही.
गाद्यांखाली, डब्यांत, मुरमातसुद्धा बोटं घातली.
शेवटी दार ओढून घेतलं,
कडीत जोंधळ्याचं धांड अडकवलं
आणि गेले.
गाणी म्हणताना अर्धं चित्त त्या धांडात.

परतले तेव्हा अकरा वाजलेले.
माझ्या ओट्यावर ओमराजची आई,
पोरगं खांद्यावर झोपलेलं,
किल्ली मुठीत.
"दार उघडंच दिसलं," म्हणाली, "मग बसले राखत."
काय बोलावं मला सुचेना.
तीच म्हणाली, हळू, तो उठू नये म्हणून:
"काहून दिली रे विचारलं, तर म्हणतो,
मिलमधी किल्ली ज्याच्याजवळ
तो सगळ्यात पैले येतो ना, मम्मी."

चहा टाकला. तिनं नको म्हटलं, मग प्याली.
किल्ली मी घेतली.
काड्यापेटी तिनं पर्समध्ये परत ठेवली,
रिकामी, दोऱ्यासकट.

पंचवीसला सुट्टी.
सव्वीसच्या पानावर खाली लिहिलंय:
ओमराज घनवट, ८.१०.
मी घड्याळाकडं बघतेय हे तिनं पाहिलं.
म्हणाली, आज एक ट्रक कमी होता.